८५ ते ९५ च्या वेगात सीट आणि फ्लोअर थरथरतो, बॅलन्सिंग करूनही जात नाही

संकेश्वरी
नमस्कार मंडळी. गाडी डिझेल, सात सीटर, चार सिलिंडर. ताकद मागच्या चाकांना. पुढे कॉइल स्प्रिंगा, मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला ताकद नेणारा दांडा) एकाच तुकड्याचा, दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनात वळूनही फिरणारे सांधे. टायर २१५/७५ आर १५. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की धागा 'ही गाडी घ्यायलाच नको होती' या दिशेला जातो आणि मूळ दुखणं बाजूला राहतं.

तक्रार अशी. संकेश्वरहून बेळगावला निघालं की ८० पर्यंत काही नाही. पुढे सीटखालून बारीक थरथर सुरू होते. ८८-९० ला सगळ्यात जास्त, शंभरच्या आसपास थोडी कमी, पण पूर्ण जात नाही. स्टिअरिंग शांत असतं. ब्रेक मारला तरी वाढत नाही. सोबत एक घुमणारा आवाज येतो, मधल्या सीटवर जास्त. आईला धारवाडला दवाखान्यात न्यावं लागतं आणि हिरेबागेवाडीचा टोल येईपर्यंत तिच्या पायांना मुंग्या येतात. म्हणून हे आता मनावर घेतलंय.

आतापर्यंत झालेलं काम: चारही टायर नवे, बॅलन्सिंग दोन वेगवेगळ्या दुकानांत, अलायमेंट. एका गॅरेजने क्रॉस बदलू म्हटलं, दुसऱ्याने क्लच प्लेट, तिसऱ्याने इंजिनची फाउंडेशनं (इंजिन ज्यावर बसतं ती रबरं). सगळं करायचं तर खर्च मोठा आहे आणि खात्री कुणीच देत नाही. आणखी एक, कामाचं आहे की नाही ते तुम्हीच सांगा: मध्यंतरी गुळाचे रवे (ढेपा) भरून बेळगावला गेलो तेव्हा हा त्रास जवळजवळ जाणवलाच नाही.

अथणीकर
नव्या टायरमध्येच दोष असणार. दुकानदाराकडून बदलून मागा.

चिकोडीकर
मी टायरच्याच धंद्यात आहे. बॅलन्सिंग होणं वेगळं आणि नीट होणं वेगळं. मशीनवर रिम मधल्या भोकात शंकूच्या आकाराच्या कोनवर बसते. त्या भोकाच्या कडेला गंज किंवा माती असली की रिम मशीनवरच तिरकी बसते. मशीन शून्य दाखवतं, आणि तेच चाक हबवर चढलं की परत हलायला लागतं. उसाच्या हंगामात शेतातली काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि वाळून घट्ट होते. बाहेरून दिसत नाही, हात फिरवून बघावं लागतं.

असमतोलाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० ला जेवढा, त्याच्या सव्वादोन पट ९० ला. म्हणून गावात फिरताना चाक कधीच बोलत नाही, हायवेला बोलतं.

शिवाय साधं मशीन वजन बघतं, गोलाई बघत नाही. टायर कुठे उंच असला किंवा आतला पट्टा सुटून फुगा आला असला तरी वजनं लावून मशीन समाधानी होतं. चाक जॅकवर उचला, शेजारी वीट ठेवून तिच्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि चाक हळू फिरवत टायर-स्क्रूड्रायव्हरमधली फट बघा. वर-खाली आणि आत-बाहेर, दोन्ही. रिमचंही तसंच.

आणि सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे पुढची चाकं मागे, मागची पुढे. थरथर स्टिअरिंगमध्ये आली तर चाक दोषी. तिने जागा सोडली नाही, तर टायरवाल्याला सोडा आणि गाडीखाली बघा.

लोंढा_लाईन
याच धाग्यात विचारते, चालेल ना? माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, ताकद पुढच्या चाकांना. सपाटीला शंभरला पण काही नाही. पण चोर्ल्याच्या चढाला तिसऱ्या गिअरात पाय दिला की गाडीचं तोंड डावी-उजवीकडे हलुलालंय. पाय उचलला की लगेच बंद. हे पण टायरच का?

गडहिंग्लज_गॅरेज
ताई, तुमचं आधी सांगतो, ते सोपं आहे. जोर दिला की हलतं आणि जोर काढला की थांबतं, हे टायरचं लक्षण नाही. ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या बाजूचा, म्हणजे गिअरबॉक्सकडचा सांधा बघा. त्यात बहुतेक तीन रोलर असतात आणि ते सांध्याच्या घरात, म्हणजे बाहेरच्या वाटीत, पुढे-मागे सरकतात. घराला खड्डे पडले की जोर देताना रोलर अडकून सरकतो आणि चाकाच्या एका फेऱ्यात तीन धक्के बसतात. धक्का आडवा असतो, म्हणून तोंड डावी-उजवीकडे. बाहेरचा सांधा गेला असता तर स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कट-कट वाजलं असतं. रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालंय का ते आधी बघा, आणि खालचं इंजिन फाउंडेशनही हलवून बघा, तेही असाच जोराला झटका देतं.

आता संकेश्वरी दादा. पार्ट बदलायच्या आधी थरथर कशाच्या मागे चालते ते शोधायचं. वेगाच्या मागे, इंजिनच्या आरपीएमच्या मागे, की अ‍ॅक्सिलरेटरच्या मागे. ८८ ला पाचव्यात जा, मग तोच वेग ठेवून चौथ्यात या. आरपीएम वाढला तरी थरथर त्याच वेगाला तितकीच राहिली, तर इंजिन, क्लच प्लेट, फाउंडेशन हे सगळे बाजूला झाले. गिअरबॉक्सच्या मागचं काहीतरी आहे. उभ्या गाडीत न्यूट्रलला तेवढाच आरपीएम देऊनही बघा.

मग ९५ पर्यंत नेऊन न्यूट्रल करा आणि वेग आपोआप उतरू द्या. चाकं असतील तर काहीच फरक पडणार नाही. शाफ्टच्या कोनाचं किंवा डिफ्रन्शियलचं (मागच्या एक्सलमधल्या गिअरांचं) असेल तर जोर काढल्यावर थरथर बदलते. कमी होईल, जास्त होईल किंवा आवाजाचा सूर बदलेल.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. ही न्यूट्रलची चाचणी सपाट, सरळ आणि मागे-पुढे गाडी नसलेल्या पट्ट्यावरच. वंटमुरी किंवा तवंदी घाटात अजिबात नको, उतारावर इंजिनचा ब्रेकच हातातून जातो. आणि इग्निशन बंद करायचं नाही. बंद केलं की ब्रेकचा बूस्टर दोन-चार दाबांत रिकामा होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि चावी काढली तर लॉक बसतं. असं करून रस्त्याच्या कडेला गेलेल्या गाड्या मी ओढून आणल्यात.

संकेश्वरी
सगळ्यांचे आभार. चाकांच्या आत माती होती, काढली. हब आणि रिमची भोकं वायर ब्रशने घासली. स्क्रूड्रायव्हर लावून गोलाई बघितली, चारही चाकं चांगली आहेत. पुढची मागे केली, थरथर जागची हलली नाही.

पहाटे हत्तरगी टोलच्या पुढच्या सपाट पट्ट्यावर चाचण्या केल्या, सोबत भाऊ होता. चौथ्यात आणि पाचव्यात त्याच वेगाला तीच थरथर. उभ्या गाडीत कुठल्याच आरपीएमला नाही. न्यूट्रल केल्यावर कमी झाली, सूरही बदलला, पण पूर्ण गेली नाही. ८८ ला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सगळ्यात वाईट.

गडहिंग्लज_गॅरेज
मग क्लच प्लेट आणि इंजिन फाउंडेशनचे पैसे वाचले. क्रॉस तपासा. गाडीला चाकाखाली घट्ट ओट (ठोकळा किंवा दगड) लावा, हँडब्रेक सोडा, न्यूट्रल. गाडीखाली जाऊन एका हाताने फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती) धरा आणि दुसऱ्या हाताने शाफ्ट पिळा. नुसता 'टक' आला तरी क्रॉस गेला. क्रॉसच्या टोपीभोवती लाल भुकटी दिसली तर आतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) कोरड्या पडल्यात.

व्हीटीयू_मेकॅनिकल
मी चौथ्या सेमिस्टरला आहे. फोनमधल्या अ‍ॅक्सिलरोमीटरने थरथरीची वारंवारता मोजता येते, स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती थरथर आहे त्याचा आलेख, दाखवणारी फुकट अ‍ॅप आहेत. फोन सीटवर ठेवू नका, सीटच्या रुळाला किंवा फ्लोअरच्या पत्र्याला दुहेरी टेपने चिकटवा. वेग काट्यावरून नको, जीपीएसवरून घ्या, काटा बहुधा जास्त दाखवतो.

हिशोब असा. तुमच्या टायरचा व्यास कागदावर साधारण ७०३ मिमी, म्हणजे परीघ २.२१ मीटर. वजनाखाली टायर दबतो, म्हणून एका फेऱ्याला २.१५ मीटर धरू. ८८ किमी वेग म्हणजे सेकंदाला २४.४ मीटर. चाकाचे फेरे सेकंदाला ११.४. डिफ्रन्शियलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) कळला की शाफ्टचे फेरे निघतील. स्पेक्ट्रममध्ये ११ ला टोक आलं तर चाक, ब्रेक ड्रम, एक्सल. त्याच्या सुमारे चौपट ठिकाणी आलं तर शाफ्टचा असमतोल किंवा वाकलेला शाफ्ट. सुमारे आठपट ठिकाणी आलं तर क्रॉस किंवा क्रॉसचा कोन, कारण तो फेऱ्याला दोन धक्के देतो.

मोजमाप पाचव्यात घ्या. चौथा गिअर बहुतेक अशा गाड्यांत डायरेक्ट असतो, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच आरपीएमला. चार सिलिंडरचं इंजिनही फेऱ्याला दोनदा पेटतं. त्यामुळे चौथ्यात इंजिनचं टोक आणि क्रॉसचं टोक एकावर एक बसतात, वेगळे ओळखू येत नाहीत.

संकेश्वरी
पुस्तकात रेशो ३.९ दिलाय. फोन लावून बघितला. ८८ ला पाचव्यात एकच मोठं टोक आलं, ११ वर. म्हणजे परत चाकच?

अथणीकर
बघा, मी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

चिकोडीकर
पण चाकं अदलाबदल केल्यावर काहीच हललं नाही की! गोलाई पण बरोबर आहे. मग मागचे ब्रेक ड्रम किंवा एक्सल वाकलाय काय? पण न्यूट्रलला कमी होते त्याचं काय? चाकाला न्यूट्रल कळत नाही. आकडा एक सांगतोय आणि गाडी दुसरंच सांगतेय.

व्हीटीयू_मेकॅनिकल
मलाही हे जुळत नाहीये. संकेश्वरी दादा, ८३ ला आणि ९३ ला टोक कुठे येतं ते बघाल का? आणि अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये सेकंदाला किती नोंदी घेतल्या जातात तेही सांगा.

संकेश्वरी
८३ ला १६, ८८ ला ११, ९३ ला ६. सेटिंगमध्ये १०० लिहिलंय. वेग वाढतोय आणि टोक खाली येतंय, हे काय प्रकरण आहे?

व्हीटीयू_मेकॅनिकल
सापडलं! हे ११ खरं नाही. सेकंदाला १०० नोंदी घेणाऱ्या फोनला ५० च्या वरची थरथर तिच्या खऱ्या जागी दाखवता येत नाही, ती घडी पडून खाली दिसते. सिनेमात टांग्याची चाकं कधी कधी उलटी फिरताना दिसतात, तसंच हे. खरी थरथर ८९ असेल तर ती १०० वजा ८९, म्हणजे ११ वर दिसणार. चाकाचे फेरेही नेमके ११ च्या जवळ असल्यामुळे आपण सगळे फसलो असतो.

आता ताळा करा. ८८ ला शाफ्टचे फेरे ११.४ गुणिले ३.९, म्हणजे सेकंदाला सुमारे ४४.५. त्याची दुप्पट ८९. शंभरातून वजा केले, ११. ९३ ला हीच दुप्पट ९४ होते, शंभरातून वजा केले, ६. ८३ ला ८४ होते, म्हणून १६. तिन्ही आकडे बसतात. चाकाची थरथर असती तर वेगाबरोबर १०.७, ११.४, १२ अशी वर गेली असती. अ‍ॅपमध्ये सगळ्यात जलद नोंदी निवडा, फोनने परवानगी मागितली तर द्या, ४०० च्या आसपास मिळाल्या तर टोक थेट ८९ ला दिसेल.

संकेश्वरी
४०० ला लावलं. टोक ८९ वर! शाफ्टच्या फेऱ्याच्या ठिकाणी, म्हणजे ४४ ला, अगदी लहान उंचवटा आहे.

गडहिंग्लज_गॅरेज
शाब्बास पोरा. म्हणजे शाफ्ट वाकलेला नाही, त्याचा बॅलन्सही फार गेलेला नाही. क्रॉस किंवा कोन. दादा, शाफ्ट कधी उतरवला होता का? स्लाइडिंगचे (शाफ्टच्या सरकत्या जोडाचे) दात चुकीचे बसवले असतील तर दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दोन बोटांचे चिमटे) एका रेषेत राहत नाहीत आणि नेमकी हीच फेऱ्याला दोनची थरथर येते. शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात, त्या समोरासमोर आहेत का बघा.

संकेश्वरी
खुणा समोरासमोर आहेत. शाफ्ट आजवर उतरवलेला नाही. पिळून बघितला, 'टक' येत नाही, पण मागच्या क्रॉसच्या एका टोपीजवळ थोडी लाल भुकटी आहे.

टर्नर_उद्यमबाग
सगळं वाचलं. आयुष्य उद्यमबागेत लेथवर आणि शाफ्टच्या कामात गेलं, म्हणून लिहितो. पोरांनी मोजमाप उत्तम केलंय. पण पहिल्याच पोस्टमधली एक ओळ सगळ्यांनी ओलांडली. गूळ भरल्यावर थरथर जवळजवळ गेली. क्रॉसच्या सुया झिजल्या असत्या तर भरल्या गाडीत जास्त जोर येऊन थरथर वाढली असती. वजनाने चाक सुधारत नाही, शाफ्टचा बॅलन्स सुधारत नाही. वजनाने बदलते ती एकच गोष्ट, मागची उंची. आणि उंचीबरोबर बदलतो तो शाफ्टचा कोन.

संकेश्वरी, एवढंच सांग. मागे पाटा वाढवलायस का?

संकेश्वरी
होय काका. गूळ आणि मिरचीची पोती न्यायची म्हणून एका ठिकाणी मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून घेतला होता. टायर बदलले त्याच आठवड्यात. मागची बाजू पावणेदोन-दोन इंच वर आली. थरथर त्यानंतरच सुरू झाली, पण टायरही तेव्हाच बदलल्यामुळे सगळं लक्ष टायरकडे गेलं.

टर्नर_उद्यमबाग
मग ऐक. क्रॉस सरळ रेषेत असतो तोवर निमूट फिरतो. कोनात गेला की पुढचा भाग एकसारखा फिरत असला तरी मागचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा किंचित पुढे पळतो आणि दोनदा किंचित मागे राहतो. हे कुठल्याही नव्या, महागड्या क्रॉसमध्येही होणारच, तो त्याचा स्वभाव आहे. म्हणून मागे दुसरा क्रॉस असतो. पहिल्याने जे बिघडवलं ते दुसरा निस्तरतो. अट एवढीच की दोघांचे कोन सारखे हवेत आणि योक एका रेषेत. योक तुझे बरोबर आहेत. कोन मोजायचे राहिलेत.

कोन मोजताना गाडी चाकांवर उभी हवी, तीही सपाट पिटवर (खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर). दोन खांबांच्या लिफ्टवर चाकं लटकतात, एक्सल खाली जातो आणि तिथली मापं कचऱ्यात टाकायच्या लायकीची असतात. चुंबकाचा डिजिटल कोनमापक मिळाला तर घे, नाहीतर फोनचाही चालेल, पण सपाट कडेला लावून. वाळलेला चिखल आधी वायर ब्रशने काढ. चिखलाचा एक खडा खाली राहिला की अर्धा अंश इकडचा तिकडे. गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजवर एक माप, शाफ्टच्या नळीवर एक, डिफ्रन्शियलच्या पिनियनच्या (शाफ्टने फिरणाऱ्या गिअरच्या) फ्लँजवर एक. फ्लँज उभी असते, तिचं माप नव्वदातून वजा करायचं. प्रत्येक माप दोनदा घे, दुसऱ्यांदा मापक उलटा फिरवून.

संकेश्वरी
संकेश्वरातच एका मिस्त्रीकडे पिट आहे. त्यांना हा धागा कन्नडमध्ये सांगितला. 'नोडोण री' (बघूया की) म्हणून ते स्वतःच खाली उतरले. मापं अशी आली. गिअरबॉक्स मागे २ अंश खाली झुकलेला. शाफ्ट ७ अंश. पिनियन ४ अंश, नाक वर. मग मागे पोती टाकून उंची उतरवली आणि परत मोजलं. शाफ्ट ६, बाकी दोन्ही जवळजवळ ३.

टर्नर_उद्यमबाग
उत्तर तुझ्या हातात आलं. रिकाम्या गाडीत पुढचा क्रॉस ७ वजा २, म्हणजे ५ अंशांत काम करतो आणि मागचा ७ वजा ४, म्हणजे ३ अंशांत. पुढचा जेवढं बिघडवतो तेवढं मागचा निस्तरू शकत नाही. पोती टाकली की ३ आणि ३, दोघे बरोबरीला. म्हणून भरली गाडी शांत.

व्हीटीयू_मेकॅनिकल
काका, कॉलेजात याला हूक्स जॉइंट म्हणून शिकवतात. सूत्राने बघितलं तर वेगातला चढउतार कोनाच्या वर्गाने वाढतो. दोन क्रॉस ५ आणि ३ अंशांचे असले तर शिल्लक राहते ती थरथर एकट्या ४ अंशांच्या क्रॉसइतकी, कारण पंचवीस वजा नऊ म्हणजे सोळा. म्हणजे २ अंशांचा फरक दिसायला लहान, पण शिल्लक मोठी. मग पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये २ अंशांची पाचर घालून पिनियनचं नाक खाली केलं तर चालेल का? दोन्ही कोन ५-५ होतील.

टर्नर_उद्यमबाग
सारखे होतील, पण दोन्ही मोठे होतील. गिअरबॉक्स आणि डिफ्रन्शियल एकसारखे फिरले तरी मधला शाफ्ट ५ अंशांच्या हिशोबानेच कमी-जास्त पळत राहणार, आणि तोही स्वतः वजनदार आहे. हायवेला नेहमी चालणारी गाडी ३ अंशांच्या आसपास ठेवावी. अगदी शून्यही नको. थोडा तरी कोन असला म्हणजे क्रॉसच्या सुया फिरतात, नाहीतर एकाच जागी बसून खाचा पाडतात. शिवाय पाट्यांच्या गाडीत जोर दिला की एक्सल पिळतो आणि पिनियनचं नाक आणखी वर उचललं जातं. संकेश्वरीला अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर सगळ्यात वाईट जाणवतं ते यामुळेच.

माझं मत: वाढवलेला पाटा काढ. वजन न्यायचंच असेल तर हेल्पर पाटा बसव, जो रिकाम्या गाडीत टेकत नाही, वजन आलं की मगच काम करतो. आणि वजन कागदावरच्या मर्यादेतच ठेव. एक्सल, ब्रेक आणि टायर पाटा वाढवल्याने मजबूत होत नाहीत.

पाटा आणि क्रॉस एकाच दिवशी बदलू नकोस. आधी पाटा काढ, गाडी चालवून फोन लाव. मग क्रॉस. नाहीतर कशाने बरं झालं ते कुणालाच कळणार नाही आणि पुढच्या माणसाला या धाग्याचा उपयोग होणार नाही.

लोंढा_लाईन
माझं सांगायचं राहिलं. डाव्या बाजूचा आतला बूट क्लिपजवळ फाटलेला निघाला, ग्रीस सगळं गिअरबॉक्सवर उडालेलं. सांधा उघडल्यावर घराच्या तिन्ही खोबणींत नखाला लागतील असे खड्डे होते. अख्खा आतला सांधा बदलला. काल चोर्ला चढून पणजीला जाऊन आले, तिसऱ्यात पूर्ण पाय दिला तरी तोंड सरळ. गडहिंग्लजच्या दादांचे मनापासून आभार.

गडहिंग्लज_गॅरेज
छान झालं ताई. दर सर्व्हिसला बूट वाकवून, घड्या उघडून बघायला सांगा. चीर घडीच्या आत असते, वरून दिसत नाही.

संकेश्वरी
काम झालं. वाढवलेला पाटा काढला, मधला बोल्ट आणि यू क्लॅम्प (पाटे एक्सलला आवळणारे) नवे घातले. रिकाम्या गाडीत मापं आता अशी: गिअरबॉक्स ३, शाफ्ट ६, पिनियन ३ ला किंचित कमी. मग तोच हत्तरगीचा पट्टा, तोच वेग. ८९ वरचं टोक पाचवा हिस्साही उरलं नाही. सीट शांत, फक्त अगदी लक्ष दिलं तर बारीक गुणगुण.

त्यानंतर काकांनी सांगितल्याप्रमाणे वेगळ्या दिवशी मागचा क्रॉस काढला. ज्या टोपीला लाल भुकटी होती, तिच्यात ग्रीस नावालाही नव्हतं आणि क्रॉसच्या पायावर सुयांच्या रेघा ओळीने उमटल्या होत्या. बोटांनी फिरवला तर मध्येच अडकत होता. नवा घातला, गुणगुणही गेली. आता स्पेक्ट्रममध्ये त्या जागी शोधून काढावं लागतं.

आई मधल्या सीटवर बसून धारवाडला जाऊन आली. एम. के. हुबळीच्या पुढे गाढ झोपली होती.

गडहिंग्लज_गॅरेज
यू क्लॅम्प काही शे किलोमीटरनंतर परत आवळून घ्या दादा. नवा पाटा-संच बसतो आणि नट ढिले होतात. ढिल्या क्लॅम्पने मधला बोल्ट तुटला तर एक्सल जागेवरून सरकतो.

चिकोडीकर
काका, माझ्या दुकानाच्या पिकअपला दोन तुकड्यांचा शाफ्ट आहे, मधे सेंटर बेअरिंग. तिला हायवेला काही नाही, पण माल भरून निघताना पहिल्या-दुसऱ्यात फ्लोअरखाली गडगडतं, ३० च्या पुढे थांबतं. हाच प्रकार का?

टर्नर_उद्यमबाग
कारण तेच, जागा वेगळी. निघताना जोर सगळ्यात जास्त आणि वेग कमी, तेव्हा एक्सल पिळून कोन बिघडतो आणि धक्का सेंटर बेअरिंगवर येतो. त्या बेअरिंगभोवतीचं रबर फाटलंय का आणि शाफ्ट हाताने वर-खाली किती हलतो ते आधी बघ. रबर चांगलं असेल तर ब्रॅकेटखालच्या पट्ट्या कुणी काढल्यात का ते बघ. त्या जाडीनेच मधला कोन ठरलेला असतो, आणि काम करताना त्या बऱ्याचदा जमिनीवर राहतात. तुझी मापं भरल्या गाडीत घे, कारण त्रास भरल्या गाडीत आहे. आणि शाफ्ट खोलायच्या आधी प्रत्येक फ्लँजवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढ, जोडताना रेघ रेघेला लागली पाहिजे.

चिकोडीकर
रविवारी पिटवर घेतो. मापं इथेच टाकतो.